दर शनिवारचा ताजा मसाला

शनिवार, १ नोव्हेंबर

धने संपले. कचेरीतून परस्पर मसाल्याच्या दुकानात गेलो.

या दुकानातील प्रत्येक पिंपावर माल आल्याची तारीख खडूने लिहिलेली असते. एवढ्या एका कारणासाठी मी तीन दुकाने ओलांडून येथे येतो. आत शिरताच मालकीणबाई गल्ल्यामागून ओरडल्या, "आले काटेवाले!" — मी माझा लहान वजनकाटा बरोबर नेतो म्हणून. रांगेतली माणसे हसली.

"अजून आमच्या काट्यावर विश्वास नाही वाटतं?"

"विश्वासाचा प्रश्न नाही. पडताळणीचा आहे."

"बायको असती तर तिलाही रोज पडताळून घेतलं असतं तुम्ही!"

"म्हणूनच नाही," मी म्हणालो. त्या इतक्या हसल्या की हातातली मिरी सांडली. मला वाटते, गेल्या कित्येक महिन्यांत कोणी माझ्या बोलण्यावर हसले नव्हते.

घरी येऊन मसाला केला. धने वेगळे, जिरे वेगळे, मिरी-लवंग वेगळी; एकत्र भाजले की एक कच्चे राहते आणि दुसरे जळते. स्वयंपाकघराची खिडकी इमारतीच्या आतल्या चौकात उघडते, त्यामुळे धूर जात नाही. दार उघडावे तर आईला ठसका लागतो. म्हणून दार लावून, डोळे पुसत भाजतो.

आईने बटाट्याचा रस्सा पूर्ण खाल्ला. "कसा झालाय?" — "छान." "मीठ?" — "बरोबर." "मिरी जास्त नाही ना?" — "नाही रे बाळ."

पंचावन्नाव्या वर्षीही बाळ!

सोमवार, ३ नोव्हेंबर

कचेरीतील मंडळी दोन दिवस समुद्रावर चालली आहेत. माझे नाव यादीत घालण्यापूर्वीच कापले होते. "तुम्ही काय, येणार नाहीच!" बरोबर आहे. तरीही विचारायला हरकत नव्हती.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज जे घडले ते नीट लिहून ठेवले पाहिजे.

दुपारी मालकीणबाईंचा फोन आला — "संध्याकाळी दहा मिनिटं काढा." गेलो. त्या शेजारच्या शहरात मोठे दुकान उघडत आहेत. मागे दळणयंत्रे, वर राहायला दोन खोल्या. येथील दुकान त्या स्वतः पाहणार. तिकडे विश्वासू माणूस हवा.

"माल पारखणारे मला ढीगभर मिळतील," त्या म्हणाल्या, "पण जुना माल नव्यात मिसळताना ज्याचा जीव तुटेल, असा माणूस मी एकच पाहिलाय. काट्यासकट या!"

बी.कॉम. होऊन बाहेर पडलो तेव्हा मला असेच काहीतरी करायचे होते — माल पाहायचा, हाताळायचा, वास घ्यायचा. त्याऐवजी इतकी वर्षे मी फरशांच्या कंपनीत, कधी न पाहिलेल्या फरशांचा साठा कागदावर जुळवत बसलो आहे.

"आई आहे," मी म्हणालो.

"माझीही होती. महिनाअखेरपर्यंत सांगा."

आईचे असे आहे. दोन वर्षांपूर्वीच्या दुखण्यानंतर तिची अन्नावरची वासनाच गेली. रुग्णालयात चमचाभर पेजही घेईना. शेवटी मी ताजा मसाला कुटून रस्सा नेला, आणि तो तिने खाल्ला! "आता तुझ्याच हातचं खाईन," म्हणाली. त्या दिवसापासून दोन्ही वेळचा स्वयंपाक मीच करतो. धाकटी बहीण गावातच राहते. तिने एकदा डबा पाठवला होता. आईने झाकणही काढले नाही. मी तेव्हा आलेली बढतीची बदली नाकारली, संध्याकाळचे पोहणे सोडले. कोणावर उपकार म्हणून नव्हे. दुसरा मार्ग नव्हता. आजही नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मोठी चूक झाली. दुकानात नव्या हंगामाची मिरची आणि मिरी आली होती. मी नेहमीच्याच वजनाने घेतली, नेहमीच्याच वजनाने वाटली. माझे प्रमाण जुन्या मालावर बसवलेले होते, हे ध्यानातच आले नाही! काट्यावर वजन तेच, तिखटपणा दुप्पट.

पहिल्या घासाला आईच्या डोळ्यांतून पाणी आले. मी ताट उचलू लागलो, तर तिने हाताने अडवले. पाणी पीत पीत सगळे संपवले. "चांगलं झालंय," म्हणाली — आवाजही फुटत नव्हता!

जी बाई माझ्या हातचे इतके जहाल खाते पण दुसऱ्याच्या हातचे गोड खात नाही, तिला सोडून मी कोठे जाऊ?

रविवार, ९ नोव्हेंबर

धाकटीला फोनवर दुकानाविषयी सांगितले. सांगायला नको होते.

"दादा, जा! आजच जा! आईला माझ्याकडे आणून सोड."

"ती उपाशी राहील."

"राहू दे की एक दिवस. भूक लागली की जेवेल. माणूसच आहे ती."

"तुझा डबा तिने परत पाठवला होता."

"तेव्हा तू समोर बसला होतास!"

याचा डब्याशी काय संबंध? मी फोन ठेवला.

आई खुर्चीतून पाहत होती. तिची खुर्ची अशी मांडली आहे की तेथून शेगडी दिसते. "कोण होतं रे?" — "धाकटी." — "बरी आहे ना? मुलांना घेऊन ये म्हणावं." मग थोड्या वेळाने, "नाहीतर मीच जाऊन येते कधीतरी." मी म्हणालो, "आणि जेवणाचं काय?"

बुधवार, १२ नोव्हेंबर

कचेरी. घर. भेंडी. कचेरी.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दुकानात मालकीणबाईंनी वेलदोड्याचे पोते उघडून माझ्या नाकाखाली धरले. मी डोळे मिटले. हिरवा, थंड, किंचित कापरासारखा वास — क्षणभर मी त्या दुसऱ्या शहरात, त्या वरच्या खोलीत होतो.

"आईंना विचारलंत का?"

"त्यात विचारण्यासारखं काय आहे? उत्तर मला ठाऊक आहे."

"धन्य आहे! समोरच्याची उत्तरपत्रिकाही तुम्हीच लिहिणार, आणि तपासणारही तुम्हीच!"

पुढच्या बुधवारी त्या नवी जागा दाखवायला नेणार आहेत. सकाळी जाऊन दुसऱ्या दिवशी परत. नाही म्हणणार होतो. "येतो" असे तोंडातून निघून गेले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आईला धाकटीकडे सोडले, आठवड्यापुरते. मसाल्याचा भरलेला डबा बरोबर दिला. धाकटीला पुन्हा पुन्हा बजावले — तेल तापल्यावर आच कमी कर, मग मसाला घाल, नाहीतर कडवट होतो. "हो दादा. हो. हो दादा. आता जा."

जिना उतरताना मागे पाहिले. आईने दार लावून घेतले होते.

गुरुवार, २० नोव्हेंबर

जागा पाहून आलो. उत्तम आहे. उजेड दोन्ही बाजूंनी येतो. वरच्या खोलीला मोठी खिडकी आहे, रस्त्यावर उघडणारी. तेथे मसाला भाजला तर धूर सरळ बाहेर जाईल. मी खिडकीशी बराच वेळ उभा होतो. मालकीणबाईंनी हाक मारली नाही.

परत आल्यावर धाकटीला फोन केला. "आई जेवली?" — "जेवली." — "काय?" — "दादा, जेवली ना! किती चौकशा!" — "रस्सा केलास का?" थोडी शांतता. "...हो."

ती शांतता मला कळते. आई जेवत नाही, आणि ही मला सांगत नाही.

मालकीणबाईंना कळवून टाकले — जमणार नाही. "ठीक आहे, साहेब," त्या म्हणाल्या. काटेवाले म्हणाल्या नाहीत.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आईला आणायला न सांगता गेलो. जेवणाची वेळ साधूनच गेलो.

दार नुसते लोटलेले होते. आत हसण्याचा आवाज. आई खाली सतरंजीवर नातवंडांबरोबर जेवायला बसली होती — खाली! गुडघे दुखतात म्हणून घरी तिला मी खुर्चीवरच ताट देतो. धाकटीची थोरली मुलगी काहीतरी नक्कल करत होती आणि आई तोंडात घास असताना खिदळत होती. "वाढ गं अजून थोडी भाजी," असे आईने म्हटलेले मी माझ्या कानांनी ऐकले.

शेगडीशेजारी बाजारी मसाल्याचे फाडलेले पाकीट. माझा डबा फळीवर, चिकटपट्टीसुद्धा न काढलेला.

मला पाहताच धाकटीचा चेहरा पडला. "दादा, ऐक—"

पण आईने तिला बोलू दिले नाही. ताटात अर्धी पोळी होती. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "चल. येते मी."

मला ओरडायचे होते, पण कोणावर, हे ठरेना. रिक्षा केली. घरी येऊन मी आजच आणलेले ताजे धने भाजले, रस्सा केला. तिने सगळा खाल्ला. "छान झालाय," म्हणाली.

सगळे पूर्ववत आहे. धाकटीने मुलांच्या नादाने तिला चार दिवस रमवले, इतकेच.

मग ते फाडलेले पाकीट डोळ्यांपुढून का जात नाही?

रविवार, २३ नोव्हेंबर

सकाळी चहा देताना आईच म्हणाली, "बाळ, बस जरा."

बसलो.

"मला तिच्याकडे सोडून ये. कायमचं. रागावू नकोस. तू माझ्यासाठी सगळं सोडलंस, मग मी तुला नको कशी म्हणणार होते? म्हणून खात राहिले. पण प्रत्येक घासाला तू तोंडाकडे बघतोस रे. दोन वर्षं मी कधी पोटभर जेवले नाही."

मी विचारले, "मग आता मी काय करू?"

"ते मला विचारू नकोस," आई म्हणाली. "आधी एक रिक्षा बोलाव."