शहात्तर की सत्त्याहत्तर

तीर्थस्वरूप भाऊजींना,

बसल्या जागेवरून नमस्कार. (उठलो तर पुन्हा बोर्डापाशी जाईन, आणि तिकडे फिरकायला मला उद्या दुपारपर्यंत मनाई आहे. का, ते पुढे येईल.) तुमचा गुडघा कसा आहे? ताईनं दाढ काढून घेतली, की अजून ती डॉक्टरलाच चार गोष्टी सुनावते आहे? इकडे सगळं ठीक. मुलं बरी आहेत, हीही बरी आहे. मी तेवढा एका जागी ठरत नाही, पण तो काही आजार नव्हे असं तुम्हीच मागं म्हणाला होतात. हे एवढं लिहीपर्यंत तीनदा उठून आलो. एकदा पाणी प्यायला, एकदा खिडकी लावायला आणि एकदा तीच खिडकी उघडायला.

तुम्ही स्टोअर सांभाळत होतात तेव्हाचा कारखाना आता राहिला नाही. काट्याचे मीटर बंद झाले. बावीस वर्षं ज्या खात्यात मी दाबाच्या मीटरचे काटे जुळवले त्या खात्याला कुलूप लागलं, आणि मला विचारलं, पॅकिंगला जाऊन खोक्यांना पट्ट्या चिकटवणार, की नव्या खात्यात इलेक्ट्रॉनिक बोर्डाचं काम शिकणार? मी छाती पुढे काढून बोर्ड म्हणालो. नव्या खात्याच्या प्रमुख बाई माझ्याहून वयानं पंधरा वर्षांनी लहान आहेत आणि स्वभावानं पन्नास वर्षांनी मोठ्या. त्यांनी दीड महिना न चिडता शिकवलं (माणसानं मधूनमधून चिडावं हो, समोरच्यालाही धीर येतो) आणि पहिलं स्वतंत्र काम दिलं. एका रोपवाटिकेच्या काचघरात लावायचा मीटर, हवेचा दाब आणि तापमान दाखवणारा. रोपवाटिकेच्या मालकीणबाई उद्या, गुरुवारी, अकरा वाजता तो चालू बघायला येणार. चालला तर मी नव्या खात्यात कायम, नाही चालला तर खोकी माझी वाट बघतायत.

आता या बोर्डाची तऱ्हा ऐका. काट्याच्या मीटरला नळी जोडली की त्याला दाब कळतो, कुणी ओळख करून द्यावी लागत नाही. बोर्डावरचा कॉम्प्युटर मात्र स्वतःच्या अंगावर काय काय जोडलंय ते कधी बघतच नाही. आपण त्याला एक यादी लिहून द्यायची. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. ट्री कसलं, चक्क वंशावळ आहे ती! वर मूळपुरुष, त्याच्या पोटी तारा, तारांच्या पोटी सेन्सर. प्रत्येक सेन्सरपुढे लिहायचं, की हा कोणत्या बनावटीचा, या तारेवर त्याचा घरनंबर किती, आणि तो सध्या कामावर आहे की रजेवर. यादीत असेल तेच खरं. नाव नसेल तर सेन्सर समोर बसून बोंबलला तरी कॉम्प्युटर त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही. (अशीच एक यादी ताईच्या डोक्यात सगळ्या नातेवाइकांची असते. तिच्यात माझ्यापुढे काय लिहिलंय ते विचारायची माझी छाती नाही.)

तर शनिवारी मी नमुन्याची यादी समोर ठेवली आणि सुवाच्य अक्षरात, म्हणजे एका बोटानं टाइप करत, उतरवून काढली. आकडा काही उमटेना. वायरी बदलल्या, बोर्ड बदलला, शेवटी खुर्ची बदलली. सोमवारी सकाळी बाई आल्या, स्क्रीनकडे बघितलं, शेवटच्या ओळीवर पेन्सिलीचं टोक ठेवलं आणि आपल्या जागेवर गेल्या. तिथं लिहिलं होतं, डिसेबल्ड. म्हणजे सेन्सर रजेवर आहे असं मीच लिहून दिलं होतं आणि वर मीच त्याला कामचुकार म्हणत होतो. नमुन्यात ती ओळ तशीच असते म्हणे, ज्याला सेन्सर हवा त्यानं तिथं ओके लिहायचं. याला नमुना म्हणतात? याला सापळा म्हणतात. पण ते मी मनातच ठेवलं.

ओके लिहिलं आणि भाऊजी, काय सांगू, तेवीस अंश! खाली हवेचा दाबही अगदी बरोबर. मी सगळं खातं गोळा केलं. लोक येऊन उभे राहिले, मी आकडा वाचायला वाकलो आणि आकडा गेला. लोकही गेले. या सेन्सरला दोनच घरनंबर असू शकतात, शहात्तर किंवा सत्त्याहत्तर. त्याचा एक बारीक पाय खालच्या तारेला जोडला की शहात्तर, वरच्या तारेला जोडला की सत्त्याहत्तर. आमच्या नकाशात तो पाय खालच्या तारेला आहे, म्हणून मी शहात्तर लिहिलं होतं. उगाच म्हणून सत्त्याहत्तर लिहून पाहिलं, तर हा आपला तिकडून ओ देतोय. बाईंना बोलावलं. बाई आल्या आणि तो पुन्हा गप्प. परत शहात्तर लिहिलं, सुरू झाला. मंगळवारी दुपारपर्यंत हा बिऱ्हाड बदलत राहिला आणि मी त्याच्यामागं यादी घेऊन धावत राहिलो. बाईंनी विचारलं, नक्की कोणता नंबर? मी म्हणालो, दोन्ही. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, मीटर सुरू केल्यापासून तुम्ही जे जे करता ते एका कागदावर क्रमानं लिहून काढा. बावीस वर्षं काम केलेल्या माणसाला, भाऊजी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही लिहिलं नाही. (म्हणजे जेवणाच्या सुट्टीत एक कागद लिहिला, पण तो वेगळा. जागा उरली तर सांगतो.)

आज सकाळी राग निघाला तो जोडणीच्या टेबलावरच्या काकूंवर. सगळ्या बोर्डांवरचे कथिलाचे टाके त्याच घालतात. तुमचा टाका कच्चा आहे असं मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. काकूंनी हातातलं काम ठेवलं, भिंग घेतलं आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, करा सुरू. मी सुरू केलं. तेवीस अंश आले. मी वाचायला वाकलो आणि काकूंनी माझं मनगट धरलं.

"हे काय करताय?"

"कुठं काय? टिचकी मारतोय."

"कशावर?"

तुम्हाला आठवत असेल, आम्ही काट्याची माणसं आकडा वाचण्याआधी काचेवर नखानं दोन टिचक्या मारतो. काटा कुठं अडकला असेल तर सुटतो. बावीस वर्षं मारल्या. आता ते मी करत नाही, माझा हात करतो. इथं काच नाही, काटा नाही, आहे तो डाळीच्या दाण्याएवढा सेन्सर, आणि सोमवारपासून मी त्याच्या टाळक्यात रोज पन्नासदा टिचक्या हाणत होतो. काकूंनी भिंगातून दाखवलं, त्या बारीक पायाचा टाका केसाएवढा तडकला होता. एका टिचकीला पाय टेकायचा, दुसरीला सुटायचा, आणि नंबर बदलायचा. बाईंनी सांगितलेला कागद लिहिला असता तर दुसऱ्याच ओळीत "टिचकी मारली" आलं असतं. काकूंनी विचारलं, घरी ताप बघताना थर्मामीटरलाही मारता का? मारतो. सगळं खातं हसलं, बाईसुद्धा हसल्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दोघींची माफी मागितली. काकूंनी दोन मिनिटांत नवा टाका घातला. तेव्हापासून मीटर शहात्तरवर ठाम आहे आणि मी, बाईंच्या हुकमानं उद्याची भेट उरकेपर्यंत, टेबलापासून दहा फूट लांब.

असो. ताईला नमस्कार सांगा. मी उतावळा आहे असं तिचं जुनं मत आहे. एवढं शांतपणे लिहिलेलं पत्र वाचून तुमचं तरी तसं मत राहणार नाही, अशी आशा आहे.

तुमचा,
ताईचा धाकटा

ता. क. : जागा उरली आहे. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत जो कागद लिहिला तो माझा राजीनामा होता. मालक हल्ली कारखान्यावर येत नाहीत, आणि नोकरी तुमच्या शब्दावर लागली तेव्हा ती सोडायचीही तुमच्याच हातून, असं मला त्या वेळी फार थोर वाटलं. म्हणून वर मालकांचं नाव, खाली "भाऊजींमार्फत" असं लिहून पाकीट कारखान्याच्या ड्रायव्हरबरोबर तुमच्याकडे पाठवलं. अजून दिलं नसेल तर कृपा करून फाडून टाका. सकाळपासून तीनदा फोन केला. तिन्ही वेळा ताईनं उचलला आणि तिन्ही वेळा मी तुमच्याकडच्या हवेची चौकशी केली. तिला आता संशय आला आहे. भाऊजी, मला ही नोकरी हवी आहे. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही, स्वतःजवळसुद्धा नाही.

ता. क. दुसरा : वरची विनंती रद्द समजावी. ड्रायव्हर आत्ता सांगतोय की त्यानं पाकिटावरचं फक्त वरचं नाव वाचलं आणि ते सरळ मालकांच्या घरी टेबलावर ठेवलं. आज सकाळीही ते तसंच बंद होतं, कारण मालकांचा चष्मा दुरुस्तीला गेलाय, तो उद्या दुपारी मिळणार. म्हणजे आज संध्याकाळी तुम्ही नेहमीसारखे त्यांच्याकडे पत्ते खेळायला गेलात की ते पाकीट तुमच्याच हातात देतील (म्हणून हे पत्र त्याआधी ड्रायव्हरच्याच हाती धाडतोय, या वेळी पाकिटावर फक्त तुमचं नाव घालून) आणि म्हणतील, वाच बाबा काय आहे. तुम्ही जन्मात खोटं बोलला नाहीत हे मला माहीत आहे, तेव्हा तसं काही मी सांगणार नाही. त्यात बाईंबद्दलचा परिच्छेद आला की फक्त खोकला काढा. आणि अगदी पहिल्या ओळीत "मी नोकरी सोडत आहे" असं आहे, तिथं "सोडत नाही" असं वाचा. आज सकाळपासून तेच खरं आहे.