लांडग्याचा वाटा

आबा,

परवापासून माझा डोळा लागला न्हाय. लेक मांडीवर झोपली की मी तिच्या हाताकडं बघत बसते, आन् मग बाभळीला बांधलेल्या कुत्र्याकडं. मला भ्या वाटतंय. भ्यापेक्षा जास्त राग आलाय, आन् तो तुमचाच आलाय. तुमाला जाऊन लई वर्सं झाली, गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणत्यात. मी धरलाय.

परवा दुपारी तुमचे जावई मेंढरं घेऊन वढ्याकडं गेले व्हते, सासू सरपणाला. तळावर मी, लेक, वाघरीच्या जाळीत कोंडलेली कोकरं आन् कुत्रं, एवढंच. दिवसाढवळ्या लांडगा आला. गळ्यात इद्यापीठाच्या लोकांनी बांधलेला पट्टा. लांडगा असा येत न्हाय, हे तुमीच शिकवलंय मला. तो लांब बसतो, बघतो, वारं हुंगतो. ह्यो झिंगल्यावानी हेलपाटत आला. तोंडातनं लाळ गळत व्हती. म्या काठी आपटली, वरडले, त्याला कायबी कळंना. कोकराकडं गेला बी न्हाय. कुत्रं अंगावर गेलं, तर त्यानं कुत्र्याचा कानच धरला. म्या दगड घातला त्याच्या पाठीत, मग अजून एक घातला, तवा कुठं सोडून गेला. मी वाघर नीट करायलेय, तवर लेक उठली आन् कुत्र्याच्या गळ्यात पडली. "माजा, माजा" करत त्याचा फाटलेला कान कुरवाळायली. तिच्या हाताला सकाळीच बाभळीचा काटा ओरखडलेला. समदा हात लाळीनं आन् रगतानं भरला, आबा.

साबणाची वडी सरेस्तवर म्या तिचा हात धुतला. ती रडून रडून निळी पडली, तरी धुतला. तुमचे जावई आले, म्हणले, "कुत्र्याला चावलाय, पोरीला कुठं चावलाय? कामून गोंधळ घालायलीस?" सासूनं हात धरून हळद दाबली, देवाला नारळ बोलली आन् मला म्हणली, "दगुड मारलास व्हय गं त्याला? आपल्यात त्याला काय म्हणायचं नसतंय. त्याचा वाटा असतो. तुझा बाच सांगत व्हता की इद्यापीठात!" मी म्हणलं, उमरग्याला नेऊ हिला, सुया देऊ. तर जावई म्हणले, "फुडच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा शब्द दिलाय. ते झालं की बघू." बघू! काल दिसभर मी त्यांच्या बघूची वाट बघितली.

तुमाला इद्यापीठानं बोलावलं तवा मी संग आले व्हते. तुमाला वाचता यायचं न्हाय, मला पाटी वाचता यायची, यष्टी कुठली ते कळायचं. केवढी मोठी खोली, वर पंखे, आन् भितीवर आपल्याच माळाचं चित्र. गवताचे एक सर व्हते, लांडग्याचे एक, मेंढरांचे डॉक्टर व्हते, आन् एक बाई व्हत्या त्या माणसांच्या. त्या बाई पोरांना म्हणल्या, "गवत वेगळं, जनावर वेगळं, माणूस वेगळा शिकवला तर माळ कळत नाही. माळ टिकवायचा असेल तर सगळं एकत्र शिकावं लागतं." तुमी माझ्याकडं वळून म्हणला, "बघ, शाणी हायेत ही माणसं." मग तुमाला उभं केलं. एका पोरीनं इचारलं, "काका, लांडग्यानं कोकरू नेलं तर तुम्ही काय करता?" तुमी पटका नीट केला आन् म्हणला, "काय करायचं बाई? त्याचा वाटा त्यानं नेला."

केवढ्या टाळ्या! समद्यांनी माना खाली घालून लिहून घेतलं. तुमाला शाल दिली, नारळ दिला. फुडच्या साली गेलो तर तुमचा फोटू भितीला, खाली मोठ्या अक्षरांत तेच वाक्य. म्या वाचून दाखवलं. तुमी म्हणला, "अजून एकदा वाच."

आबा, तुमी अर्धंच सांगितलं. मी तिथंच बसले व्हते भाकरीचं गठुडं घेऊन, मला ठावं व्हतं. ज्या कोकराचं तुमी सांगितलं ते आईनं बाटलीनं पाजून जगवलेलं. लांडग्यानं ते उचललं तवा तुमी बसून ऱ्हायला न्हवता. गोफण फिरवत पळाला. कुत्री सोडली, पलीते पेटवले, वरडून वरडून घसा बसला तुमचा. काट्यानं पाय फाटले तरी वढ्यापतुर गेला. कायबी हाती लागलं न्हाय, तवा परत येऊन चुलीपशी बसला आन् म्हणला, "जाऊ दे, त्याचा वाटा." आई भाकरी थापत म्हणली, "वाटा म्हणं! मग तुमच्या ताटातला द्या की, माझं कोकरू कामून?" तुमी हसला. ती हसली न्हाय.

एवढं समदं करून बी जे जातंय त्याला वाटा म्हणायचं. आधी गोफण, आधी जाळ, आधी कुत्री. वाटा मागनं, चुलीपशी, जिवाला समजूत घालायला. ते मागलं तेवढंच तुमी त्या खोलीत सांगितलं. का तर ते ऐकायला ग्वाड लागलं त्यांना, आन् टाळ्या तुमाला ग्वाड लागल्या. गेल्या साली लांडग्यानं आमची कोकरं नेली. तुमचे जावई आन् मी फॉरेष्टाच्या हापिसात गेलो, भरपाई मिळत असंल म्हणून. तिथला साहेब हसून म्हणला, "तुमच्यात तर लांडग्याचा वाटा असतो ना? आम्ही वाचलंय." जावई तसंच माघारी फिरले. सासऱ्याचंच बोलणं व्हतं ते. बाहेर आल्यावर मलाच म्हणले, "तुझ्या बाला गप बसता येत न्हवतं व्हय?"

आन् ते एकत्र शिकवणारे! काल शेजारच्या रानातल्या काकूंच्या फोनवरनं म्या लांडग्याच्या सरांना फोन लावला. तुमच्या वेळचेच सर. म्हणले, "पट्टा होता का? कुठल्या दिशेनं गेला? लंगडत होता का?" मी म्हणलं, "सर, लाळ गळत व्हती. माझ्या लेकीच्या हाताला लागलीय." म्हणले, "ते डॉक्टरांना विचारा, तो माझा विषय नाही. पण दिशा सांगा." मग माणसांच्या बाईंना लावला. त्यांनी तुमची लई आठवण काढली. मग हळूच म्हणल्या, "गावात बोलू नका हं, लोक मारतील त्याला. तुम्ही लोक किती समजूतदार आहात." म्या फोन ठेवला. गवताला सर हाय, लांडग्याला सर हाय, मेंढरांना डॉक्टर हाय. त्यांच्या एवढ्या मोठ्या माळावर माझी लेक कुणाच्या इषयात बसती ते कुणीबी सांगितलं न्हाय. भावाला बी लावला व्हता. तो उमरग्यात टायरच्या दुकानात, तिथं हवेच्या मशीनचा आवाज, त्याला ऐकू गेलं नसंल.

तुमाला एक सांगते. त्याच दिवशी, तुमच्या टाळ्या झाल्यावर, मेंढरांचे डॉक्टर उभे ऱ्हायले. म्हणले, "पिसाळलेल्या जनावराची लाळ जखमेला लागली की साबणानं खूप वेळ धुवायचं आणि सुया घ्यायच्याच. चावलं नसलं तरी घ्यायच्या. रोग उठला की इलाज नाही." कुणी टाळ्या वाजवल्या न्हाईत. पोरं आवराआवर करत व्हती. तुमी तर शाल मांडीवर घेऊन पेंगत व्हता. मी लहान व्हते, मला लई भ्या वाटलं, म्हणून ध्यानात ऱ्हायलं. त्या इद्यापीठातनं तुमी शाल आणली आन् म्या ते आणलं. आज माझ्यापशी तेवढंच हाय.

आता उजाडलंय. जावई मेंढरं घेऊन फुडं गेले, सासू घोड्यावर बिऱ्हाड लादून त्यांच्या मागं. मला म्हणले, पाल गुंडाळून कोकरं घेऊन ये. मी जाणार न्हाय. कोकरं काकूंच्या गोठ्यात कोंडलीत. काकू बाजाराला गेल्या, त्यांच्या संग फोनबी गेला. मी रस्त्यावर जाते, मिळंल त्या गाडीला हात करते. कुणाला इचारणार न्हाय. तुमाला बी इचारत न्हाय.

तुमची ती शाल आईनं मला दिली व्हती. लेकीला पाठीशी बांधायला दुसरं लुगडं व्हतं, तरी म्या शालच घेतली. का ते मला इचारू नका.

हे मी पालाच्या मेढीला अडकवून चाललेय. माझ्या नवऱ्याला वाचता येत न्हाय, म्हणून जो कुणी वाचंल त्याला सांगते. कुत्र्याजवळ जाऊ नका, सोडू नका, पाणी लांबनं काठीनं सरकवा. इथं पत्र्याची पेटी हाय, तिच्या झाकणावर कोळशानं माझ्या भावाचा नंबर लिहिलाय. त्याला फोन करा. उचलंपतुर करा. म्हणावं, दुकान टाक आन् उमरग्याच्या सरकारी दवाखान्याच्या दारात उभा ऱ्हा, बहीण पोरीला घेऊन यायलीय, तिला तिथलं कायबी कळत न्हाय. आन् कुणी आलं, माझ्या घरचं न्हायतर इद्यापीठाचं, आन् वाट्याचं काय बोलायला लागलं, तर त्यांचं ऐकत बसू नका. आधी भावाला फोन करा.