तोड : नाही

१० जून
आज कामावर रुजू झाले आणि दिवसभर गालातल्या गालात हसत होते. टेबलावरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीचं ऑफिस, दुसऱ्या मजल्यावर, खाली चपलांचं दुकान, त्यामुळे जिन्यात नव्या चामड्याचा वास. मधल्या खोलीत भलंमोठं टेबल. त्याभोवती चांगली घोडी झालेली माणसं फासे टाकत बसतात, स्वतःला योद्धा नाहीतर चेटकीण समजतात आणि त्याचा पगार घेतात! माझं काम लढती रचायचं. समोरून राक्षस कोणते येणार, किती, कुठून. सोपे पडले तर खेळणारे जांभया देतात, जड झाले तर रुसून उठतात. जिंकावं, पण घाम फुटून, एवढं जमवायचं.

शेजारी सोंगट्या रंगवणारी बाई बसते, सगळे तिला रंगारीणच म्हणतात. तिने पहिल्याच चहाला इथली रीत सांगितली. प्रत्येक राक्षसाच्या कागदावर शेवटची ओळ असते ‘तोड’, म्हणजे तो कशाने हरतो. तोड नसलेला राक्षस टेबलावर न्यायचा नाही.

१२ जून
आमच्या वरिष्ठाला पाठीमागे सगळे मुकादम म्हणतात. त्याने मला ओळखलं नाही. कसा ओळखेल, मी लग्नानंतरचं आडनाव लावते. माझा दादा याच टेबलासाठी लढती रचायचा. त्याचं सगळं काम या माणसाने स्वतःच्या नावावर खपवलं आणि वर चोरीचा आळ घालून त्यालाच हाकललं. दादाने अंथरूण धरलं, ते धरलंच. त्यातून उठलाच नाही. मुकादम मला गोड आवाजात बेटा म्हणतो. म्हण बाबा, हौस फेडून घे.

१७ जून
माझा राक्षस तयार झाला. नाव परत्या. दादासारखा डावा खांदा पाडून चालतो, दादासारखाच आधी खाकरतो. रंगारणीने त्याची सोंगटी अशी हुबेहूब रंगवली की मला रडू आलं. राक्षस आधी कोणावर धावतो तेही लिहावं लागतं. मी लिहिलं, तिथे सगळ्यात जास्त वाईट ज्याने केलं असेल त्याच्यावर. तोडीपुढे लिहिलं, नाही. मुकादमाने न वाचताच सही ठोकली. दुसऱ्याच्या कामावर सही करायची सवयच आहे त्याला.

२० जून
जेवणानंतर चाचणीचा खेळ झाला. परत्याला मी खेळवलं. तो इतरांना ओलांडून थेट मुकादमाच्या योद्ध्यावर गेला आणि त्याचा उजवा हात मोडला. मुकादम चिडून म्हणाला, ही लढत तोलाची नाही, जरा शिका. मी मान खाली घालून हो म्हटलं.

२१ जून
मुकादम उजवा हात गळ्यात बांधून आला. जिन्यात कोणीतरी मागून ओढलं म्हणे. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडाला रुमाल लावून हसले. कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले.

२६ जून
मुकादम खेळायला नको म्हणत होता. मीच गोड बोलून बसवलं. या वेळी परत्याने गळा धरला. संध्याकाळी मुकादमाचा आवाज गेला, डॉक्टरांना काही सापडेना. रंगारीण म्हणाली, बास कर आता. मी विचारलं, तुझा भाऊ गेला असता तर? ती ब्रश धुवायला उठून गेली.

१ जुलै
आता डोळे. दोन्ही. आज खेळ झालाच नव्हता. सोंगटी डब्यात होती, डब्याला झाकण होतं. तरी—

आनंद झाला. खोटं कशाला लिहू.

२ जुलै
मुकादमाची बायको त्याला हाताला धरून घेऊन आली. म्हणाली, घरात भरदिवसा कोणीतरी खाकरतं, आणि कोण ते यांना कळलंय, डाव्या हाताने लिहून दाखवलं. तोड लिहा म्हणून हात जोडले. ते काम तुमच्या भावाचंच होतं असं हे सगळ्यांसमोर बोलतील म्हणाली. मी म्हटलं, कसं बोलणार? आवाज कुठाय? तो रडत होता. मी चहा घेतला.

३ जुलै
जिन्यात खाकरल्यासारखं झालं. मुकादम तर घरी आहे. मग इथे कोणासाठी—

सगळ्यात जास्त वाईट ज्याने केलं असेल. आता ते कोणी केलंय? हात, गळा, डोळे—

मी.

४ जुलै
दुपार. रंगारीण पिशवी उचलून पळाली. मला ओढत होती, मी खुर्ची सोडली नाही. तो टेबलापाशी आहे. खांदा पाडून. कागद माझ्यापुढेच— एक ओळ, तोड लिहिली की मी सुटेन. मुकादमही सुटेल.

मग नाही. नाही लिहिणार!

दादाच आहे तो. बहिणीला काय करेल? पण त्याला कागदावरचं तेवढंच ठाऊक— खांदा लिहिला. खाकरणं लिहिलं. बहीण आहे असं मी कुठे लि—