दोरी परत माझ्याच हातात

आणि परत तेच केलंस ना ताई! मागच्या वेळी पण मी हेच म्हणालेलो, की ज्याच्या हातात दोरी द्यायची त्याला आधी सांगावं कधी ओढायची ते. पण नाही. काल फोनवर तू सरळ म्हणालीस, बाबांचं काय करायचं ते तू ठरव कमलेश, मी काही बोलणार नाही. एम. ए. झालीस तू, डॉक्टरशी इंग्लिशमध्ये बोलतेस तू, एकोणीस दिवस हॉस्पिटलच्या बाकड्यावर झोपतेस तू, आणि ठरवणार कोण, तर नववी नापास, तो पण कच्छमध्ये, खावड्याच्या पुढे, जिथे रेंजसाठी पाण्याच्या टँकरवर चढावं लागतं.

(हो, नमस्कार राहिला. साष्टांग नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? आई जेवते का? मी बरा आहे, ओठ तेवढे फुटलेत, ते इथे सगळ्यांचेच फुटतात.) काल मी फोन ठेवून दिला तो रागाने नाही. पुढचं रडत बोललो असतो आणि खाली टँकरवाला बघत होता. म्हणून लिहितोय. पानांचे फोटो काढून पाठवीन. अक्षराला हसू नकोस.

तुझ्या नाटकाच्या तालमीत मी चहा आणायचो तेव्हा तू पोरांना सांगायचीस की माणूस आधी असतो, मग तो जे निवडतो ते तो होतो. आता मी पण आधी होतोच. मग नववी झाली, म्हणजे नाही झाली. मग वेल्डिंग, मग लग्नाचे मांडव, मग कोपरीत मोबाईलवर काच चिकटवायचं काम, दोन महिने शहाडला गोदामात. यातलं काहीच मी निवडलेलं नाही. मी निवडलं ते फक्त सोडणं. आता सोलरच्या काचा धुतो. शेवटच्या लाइनीला पोचेपर्यंत पहिलीवर धूळ बसलेली असते, की परत पहिल्यापासून. बाजूला बघशील तिथवर मीठ. (बाबांचं मिठागरावरचं मीठ निदान विकलं तरी जायचं, हे नुसतंच पडून असतं.) हे मी तुला सांगितलं तर तू काय लिहिलंस? 'वा, तू तर अस्तित्ववाद जगतोयस!' ताई, मी अस्तित्ववाद जगत नाही, मी कंत्राटावर आहे.

आता त्या नाटकाचं. तीन वर्षं तू ऐकवलंस, आज मी ऐकवतो. तुझ्या त्या 'दार उघडंच आहे'मध्ये एक माणूस खुर्चीवर बसतो, मागे दार उघडं असतं, त्याला कुणी अडवलेलं नसतं आणि तो जात नाही. झालं नाटक. (मी विचारलेलं की त्याला एकदाही लघवीला लागत नाही का, तर तू मला हॉलबाहेर काढलेलंस.) स्पर्धेच्या दोन दिवस आधी तुझा तो हिरो नील सिरियलमध्ये हवालदार व्हायला पळाला आणि तू बाबांना बसवलंस. तेवढं मात्र तू बरोबर केलंस. तीस वर्षं मिठागरावर खाडीचं पाणी आटायची वाट बघितलेला माणूस, त्याला बसायला कोण शिकवणार? खुर्ची पण घरातलीच नेलेली, पट्ट्यांची. त्यांनी एवढंच विचारलं की उठायचं कधी. तू म्हणालीस, बाबा, वाटलं तर उठा, नाही वाटलं तर नका उठू, तुम्ही स्वतंत्र आहात. बाबा माझ्याकडे बघायला लागले. त्यांना आयुष्यात असं कुणी बोललेलं नव्हतं, आणि खरं सांगतो, ते घाबरलेले. मग तू माझ्याकडे वळलीस. पडद्याची दोरी तुझ्याकडे, तुला वाटेल तेव्हा पाड, मी खूण करणार नाही, तोच नाटकाचा गाभा आहे. अगं, गाभा कधी विंगेत ठेवतात का?

नियम पंचेचाळीस मिनिटांचा. चाळीसला लाल दिवा लागला. आयोजकांचा तो कुंडलिक घड्याळ घेऊन माझ्यासमोर असे हातवारे करत होता, जसा काही ट्रक मागे घ्यायचाय. बाबा बसलेले. मागे दार, अंगावर पिवळा उजेड. डोंबिवलीचे तीनशे लोक गप्प बसून माझ्या बापाकडे बघत होते. मिठागराच्या मुकादमाने पण त्यांच्याकडे कधी एवढा वेळ बघितलं नसेल. चव्वेचाळीस झाली आणि बाबांनी मान वळवली, विंगेत बघितलं आणि चांगलं मोठ्याने विचारलं, "कमलेश, झाला का रं?"

टाळ्या थांबेनात. परीक्षक नंतर म्हणाले, आजच्या माणसाचा सगळ्यात मोठा प्रश्न इतक्या साध्या शब्दांत कुणी विचारला नव्हता. (आणि बावन्न मिनिटं झाली म्हणून आपल्याला बाद केलं.) घरी येऊन तू म्हणालीस, ज्याला एक दोरी ओढता येत नाही तो आयुष्यात काय करणार. महिन्याभरात मी इकडे आलो. म्हणजे परत सोडणंच.

आणि आता हे. बाबांच्या डोक्यात रक्त साकळलंय, छाती मशीन हलवतं. ठेवायचं का घरी न्यायचं, डॉक्टर विचारतात. बरे होतील का, असं तू विचारलंस तर म्हणाले, आता काही हाती नाही, पण निर्णय कुटुंबाचा. (हा माणूस तुझ्या ग्रुपमध्ये होता का गं कधी?) आई म्हणते कमलेश सांगेल ते. तू म्हणतेस कमलेश सांगेल ते. सगळे स्वतंत्र, आणि दोरी एकाच्या हातात. तर ऐक. मी ठरवणार नाही. तू मोठी, तू शिकलेली, तू ठरव. मी त्यावर जन्मात बोट ठेवणार नाही. हे माझं शेवटचं.

आईच्या पायाला तेल लाव. तिला सांग मी दोन वेळा जेवतो. आपलं भांडण मिटलंय असं समजू नकोस.

तुझा,
कमलेश

ता. क. फोटो काढले, टँकरवर चढलो, आणि पाठवले नाहीत. एक गोष्ट तीन वर्षं सांगायची राहिलीय. बाबांनी विचारलं तेव्हा मी गोंधळलेलो वगैरे काही नव्हतो. मला सगळं कळत होतं. मी मानेने नाही म्हणालो. बसा अजून, असा हात केला. आणि ते बसले, वर आठ मिनिटं, पाठ दुखत असताना. मला ते तसे बघायचे होते, एवढंच कारण. त्यांना काय वाटतंय ते मी विचारलं नाही.

आणखी एक ता. क. वरचं 'शेवटचं' खोडलंय असं समज. बाबांना घरी न्यायचं. कागदावर निर्णय कुणाचा विचारलं तर माझं नाव घाल. पण मी येईपर्यंत थांब. परवा सकाळी पोचतो. सुट्टी मंजूर नाही, तरी निघतोय. (हे सोडणं नाही, नीट लक्षात घे.) त्यांना नेतील, नळी काढतील, तेव्हा मी त्यांच्या बाजूला उभा पाहिजे. त्यांनी मान वळवली तर कुणीतरी हो म्हणायला हवं. वळवणार नाहीत, मला माहीत आहे. घराचं खाडीकडचं दार उघडं ठेव. आणि त्या खुर्चीच्या पट्ट्या तुटल्यात, त्या विणून घे. त्यांना बसवता येणार नाही हे पण मला कळतं. मी बसेन. अँब्युलन्स, सिलिंडर आणि पट्ट्या धरून पाठवतोय, रुपये अकरा हजार सहाशे.