मिरची लावलेली गाडी

३ जानेवारी २०२६
गाडीचं नवं आरसी पोस्टाने आलं. मालक म्हणून माझं नाव. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, सगळं आधीच लावलं होतं, त्यामुळे आरटीओत काही अडलं नाही. हायस्कूलच्या ऑफिसात नोकरीभर दुसऱ्यांचे कागद पूर्ण केले. आता बायकोचे, शोभाचे.
दाखल्याच्या झेरॉक्स उरल्या होत्या. बँक, गॅस, वीज, तिची शाळा, मोबाईल, सगळीकडे कळवून झालंय. गाडीची कंपनी तेवढी राहिली होती. त्यांच्या ॲपवर अजून तिचंच नाव येतं. म्हणून त्यांनाही मेल केला, दाखला जोडला.
आता कुणाला कळवायचं राहिलं नाही. संध्याकाळी उगाच दोनदा चहा केला.

६ जाने.
कंपनीतून फोन. बोलणारी मुलगी मराठी, नीट बोलणारी. आधी सांत्वन केलं. मग म्हणाली, "सर, मॅडमचं अकाउंट आम्ही बंद करतोय. त्यांनी जो पिकअपचा पॅक घेतला होता तो अकाउंटला जोडलेला असतो, गाडीला नाही. त्यामुळे पुढच्या अपडेटनंतर तो निघेल."
मी बरं म्हणालो.
"बाकी गाडीला काही होणार नाही सर. फक्त नॉर्मल चालेल."
नवीन मालकाला परत घेता येईल का, विचारलं. या मॉडेलसाठी तो पॅक आता बंद झालाय म्हणे.
पुन्हा बरं म्हणालो आणि फोन ठेवला. त्यानंतर बराच वेळ अंगणात गाडीजवळ उभा होतो.

७ जाने.
तो पॅक म्हणजे शोभाची मिरची.
बॅटरीवरची ही गाडी घेतली तेव्हा शांत होती, मला पुरेशी. शोभाला पुरेना. नगरला जाताना करंजीच्या घाटात उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, चढावर मुंगीसारखे. पुढे जायला जागा मिळायची, पण गाडी उठायच्या आत समोरून कुणीतरी यायचं. मग तिने कुठून तरी शोधून काढलं, पैसे भरले की याच गाडीला जास्त पिकअप येतो. मेकॅनिक नाही, पार्ट नाही. रात्रीतून गाडी बदलली. मला ते पटलं नव्हतं. मोटर आपली, दारात उभी, मग तिची ताकद कंपनीकडे कशी? ती म्हणाली, "भाजी तीच असते हो. मिरची वरून घालायची असते."
स्क्रीनवर लाल खूण आहे. ती दाबली की, लागली मिरची.
पुढे नगरच्या फेऱ्या तिच्या उपचारांच्या झाल्या, तरी जाताना तीच चालवायची. येताना मी. ती मागे आडवी. मी हळू घ्यायचो, तिला उलटी होऊ नये म्हणून. मागून आवाज यायचा, "जरा मिरची लावा की, घरी जायचंय आज."

९ जाने.
अंग कसकसतंय. कुठे गेलो नाही. गाडीच्या स्क्रीनवर सकाळी सूचना आली होती. अपडेट तयार आहे. खाली दोन चौकोन, 'आता' आणि 'नंतर'. 'नंतर' दाबलं.

११ जाने. रवि.
अशोक आला, शोभाचा धाकटा भाऊ. पोतंभर ज्वारी घेऊन. बहिणीच्या घरी धान्य द्यायचं तो चुकत नाही, बहीण नसली तरी. त्याला झालेलं सांगितलं. त्याला दोनदा सांगावं लागलं.
"म्हंजी दाजी, मोटर तीच, बॅटरी तीच, अन् नुसतं पळायचं काढून घ्येत्यात?"
"हो."
"अन् त्यान्ला आक्का गेल्याचं कळलं कसं?"
"मी कळवलं."
माझ्याकडे बघतच राहिला. मग हसायला लागला. डोळे पुसून परत हसला. "दाजी, तुमी लई सरळ मानूस. यमाला बी पोच मागितली आसती तुमी."
मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.
मग म्हणाला, चला एक चक्कर मारू. त्यालाच चालवायला दिली. पाथर्डी रोडला मोकळं बघून तो लाल खूण दाबायला गेला, आणि त्याने दाबायच्या आतच माझा हात दारावरच्या हँडलला गेला होता. डाव्या बाजूला बसायची इतक्या दिवसांची सवय. गाडी उसळली. पाठ सीटला चिकटली. अशोक ओरडला, "आगं आक्का!"
तिसगावात शिरल्यावर तो म्हणाला, "आपडेट करूच नका ना. कोन येतंय बघाया?"
ते पटलं.

१४ जाने.
संक्रांत. शोभाला अजून वर्ष व्हायचंय, म्हणून सण केला नाही. शेजारच्या मीनावहिनी गुळाची पोळी घेऊन आल्या. दारातच थांबल्या. तिळगूळ हातावर ठेवला, पण गोड बोला म्हणायचं त्यांच्याने झालं नाही. "खाऊन घ्या भाऊजी," एवढंच म्हणाल्या.
'नंतर' दाबलं. आता हे दात घासण्यासारखं झालंय.

१६ जाने.
लेकीचा, मृण्मयीचा फोन, पुण्याहून. ती पुढच्या महिन्यात परत कामावर जाणार. रेवाला पाळणाघरात सोडून पलीकडे ऑफिस, रिक्षाने जमणार नाही. शोभाने आजारपणात तिला सांगून ठेवलं होतं की गाडी तू ने. २४ ला येते, २६ ला सुट्टीच आहे तेव्हा घेऊन निघते, म्हणाली.
मी म्हटलं, ने. द्यायचीच आहे. मला एवढी मोठी गाडी कशाला. एसटी दारावरून जाते.
मग पॅकचं सांगितलं. "बाबा, पण कळवायची काय गरज होती? कुणी विचारलं होतं?"
कुणीच विचारलं नव्हतं.
"असू दे," म्हणाली. "अपडेट करू नका पण. आईची आहे तशीच मला हवी."
बरं म्हणालो. मनात बरंच हलकं वाटलं. आम्ही तिघेही, मी, अशोक, मृण्मयी, एका बाजूचे झालो.

१९ जाने.
गाडी नगरला सर्व्हिसिंगला नेली, मृण्मयीला देण्याआधी टायर वगैरे बघून घ्यावेत म्हणून. तिथल्या माणसाने कॉम्प्युटर लावला आणि म्हणाला, "काका, अपडेट का राहिलंय? हे टाळू नका. ब्रेकचं आहे यात."
विचारलं कसलं.
त्याने सांगितलं ते असं. उतारावर, बॅटरी पूर्ण भरलेली असली तर, पाय दाबल्यावर ब्रेक किंचित उशिरा धरतो. क्वचित होतं. या अपडेटमध्ये ते दुरुस्त केलंय.
"मग नुसतं ब्रेकचं करून द्या."
"तसं नसतं काका. सगळं एकत्रच येतं."
तुम्हाला करून देऊ का, म्हणाला. बोट स्क्रीनवरच होतं त्याचं. मी म्हटलं, नको, घरी करतो.
येताना घाट उतारावर. बॅटरी त्यांनी पूर्ण भरून दिलेली. पाय सारखा ब्रेकवर. मागचे हॉर्न वाजवत होते. काही झालं नाही. ब्रेक लागत होता. पण आता मला ते माहीत आहे.

२० जाने.
कंपनीच्या त्या मुलीला मी फोन लावला. ब्रेक आणि पॅक वेगळे करता येतील का. तिने ऐकून घेतलं. वरिष्ठांना विचारते म्हणाली, पण नाही होणार सर. मग अचानक म्हणाली, "मॅडम खूप वापरायच्या का तो?"
तिला काय सांगणार. म्हणालो, हो, वापरायच्या.
"सॉरी सर," म्हणाली. खरं वाटलं तिचं.

२१ जाने.
मृण्मयीला ब्रेकचं सांगितलेलं नाही.
सांगितलं तर ती म्हणेल, करून टाका. रेवा बसणार आहे गाडीत, दुसरं काय म्हणेल. मग प्रश्नच उरत नाही. म्हणूनच सांगवत नाही बहुतेक.
आपण हळू चालवलं तर काही होत नाही, ही माझी गोष्ट. पण मृण्मयी हळू चालवणारी नाही. आईसारखी.
जेवण गेलं नाही. 'नंतर'.

२२ जाने.
अशोकला फोनवर सांगितलं. हसला नाही या वेळी.
"दाजी, मग झालंच की. पोरगी आन् नात."
"हो."
"आक्का असती तर काय केलं आसतं?"
शोभा असती तर हे अपडेटच आलं नसतं असं. तिच्या नावावर दोन्ही राहिलं असतं, पिकअपही आणि ब्रेकही. हे त्याला समजावत बसलो नाही.

२४ जाने. शनि.
मृण्मयी दुपारी आली. एसटीने, रेवाला कडेवर घेऊन. रेवा मला विसरली आहे, रडली. गाडीला मात्र हात लावून आली.
रात्री वरणभात केला. मृण्मयी म्हणाली, बाबा, बारीक झालात. मी म्हणालो, तूही. तेवढ्यावर थांबलो.

२५ जाने. रवि.
सकाळी ब्रेकचं सांगून टाकलं. भांडी घासताना, तिच्याकडे पाठ करून.
ती म्हणाली, "कधी कळलं?"
"सोमवारी."
रागावली नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं. पुण्याच्या रस्त्याची सवय व्हावी म्हणून घाटातून एकदा चालवून बघते, म्हणाली. "आहे तशी. एकदाच. मग बघू." बॅटरी अर्धीच होती, मी पाहून घेतलं.
रेवा मागे तिच्या छोट्या सीटमध्ये. मी पुढे. करंजी सोडली. घाटात परत उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, वर मोठे स्पीकर लावलेले, गाणी घाटभर. मागच्या ट्रॉलीवर उसावर एक बाई बसली होती, पदर तोंडावर घेतलेला. तिने रेवाकडे बघून हात हलवला. रेवा हसली.
आम्ही त्यांच्या मागे. एक वळण गेलं. दुसरं गेलं. मग लांबवर सरळ रस्ता, समोर कुणी नाही. शोभा असती तर...
मीच म्हणालो, "जा की. लाव मिरची."
मृण्मयीने बोट त्या लाल खुणेपर्यंत नेलं. आरशात मागे पाहिलं. रेवा त्या बाईला अजून हात करत होती. मृण्मयीने हात परत स्टिअरिंगवर घेतला.
"राहू द्या बाबा," म्हणाली.
पुढे पूर्ण घाट ट्रॅक्टरच्या मागे, त्या गाण्यांच्या आवाजात. वर पोचल्यावर तिने गाडी कडेला घेतली, उतरली, आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उभी राहिली. रेवा झोपली होती. मी काच खाली केली नाही.
घरी आल्यावर गाडी चार्जिंगला लावली. मृण्मयी दारात येऊन म्हणाली, "उद्या नऊला निघते. अपडेटला अर्धा-पाऊण तास लागतो म्हणतात. तुम्ही सांगाल तसं."
तिने माझ्यावर का टाकलं ते कळलं. कळवलं मी होतं, म्हणून नाही. तिलाही 'आता' दाबवत नाही.
सकाळी सांगतो म्हणालो.