दीड लाखाचं व्याज

शुक्रवार, संध्याकाळ

शिकवणीत आज तेच गणित. दहा लाख रुपये, काही सहा टक्क्यांनी, काही आठ टक्क्यांनी. व्याजावरून रकमा काढा. फुलंब्रीची रुखसार म्हणाली, "मॅडम, आपलेच पैसे कुठं किती ठेवले ते ह्या माणसाला ठाऊक नाय का?"

माहेरच्या शेताचे माझे दहा लाख ह्यांनी असेच दोन बँकांत ठेवलेत. म्हणतात तरी तसं. पण काल पाहुण्यांना वर्षाचं व्याज दीड लाख सांगितलं. पोरी गेल्यावर फळ्यावर मांडलं. सगळे आठनं धरले तरी ऐंशी हजारच. मग आठ पुसून गावचा दर लावला, महिना शेकडा दोन, म्हणजे वर्षाला चोवीस. त्या दरानं बरोबर पाच लाख बसले, उरलेले सहानं.

शी. माझ्या पैशांवर सावकारी. म्हणूनच भांडीवाली कमल माझ्याकडून घेतलेला पगार तसाच ह्यांच्या हातात ठेवते.

रुखसारला उद्या सांगेन, त्या माणसाला सगळं ठाऊक असतं. क्ष त्याच्या बायकोला धरावा लागतो.