ग्रीस मी भरलं होतं

६ जाने., मंगळ.
चेंबूरहून गिऱ्हाईक आलं बाबांची गाडी बघायला. बिल्डिंगला एक चक्कर मारून उतरला आणि म्हणाला, "मॅडम, हे स्टिअरिंग आहे की जातं? वळवलं की परत सरळच येत नाही." दुरुस्त करून देते म्हटलं. बाबा वरून खिडकीतून बघत होते.

ऑक्टोबरपासून ते गाडीजवळ गेलेले नाहीत. मीच जाऊ दिलेलं नाही. चाळीस वर्षं टॅक्सी चालवलेला माणूस आमच्याच गेटच्या खांबाला आणि सेक्रेटरी गोखल्यांच्या स्कूटरला धडकला. वॉचमन यादवच्या खुर्चीचा चुरा. तो पाणी भरायला उठला होता म्हणून वाचला. बाबा सगळ्यांसमोर तीनदा म्हणाले, "स्टेरिंग अडाकला गो." मी म्हटलं, "बाबा, पुरे." किल्ली काढून घेतली. माफीपत्र मीच लिहिलं, त्यांनी सही केली. 'वयोमानामुळे माझा हातावरचा ताबा सुटला' वगैरे. आठ दिवस नोटीस बोर्डावर होतं. भाषा छान आहे म्हणाले होते गोखले.

१० जाने., शनि.
हाफ डे. तशीच नाहूरला गॅरेजवर. इक्बालभाई गाडी कालच हळूहळू घेऊन गेले होते. स्टिअरिंगचा गिअरबॉक्स काढून बाकड्यावर ठेवलेला. माझ्यासमोरच झाकण उघडलं.

आत ग्रीस. भिंतींना वाळून चिकटलेलं, आणि मधला गिअर कोरडा ठणठणीत. गंज चढलेला.

"ह्यात ग्रीस कोणी भरलं? इथे ऑईल लागतं. ग्रीस एकदा बाजूला सरकलं की परत गिअरवर येत नाही."

"माहीत नाही," म्हटलं.

मी भरलं होतं. दोन वर्षांपूर्वी. पार्किंगच्या नव्या लाद्यांवर ऑईलचे डाग पडतात म्हणून सोसायटीची नोटीस आली. बाबा म्हणत होते सील बदल. म्हटलं, कोण गॅरेजचा फेरा घालणार. कंपनीतून ग्रीसगन आणली आणि रविवारी अर्ध्या तासात काम उरकलं. डाग बंद. फार हुशारी वाटली होती. आणि मी नोकरी काय करते, तर गिअर तपासते. मुलुंडच्या वर्कशॉपमध्ये गेली बावीस वर्षं.

११ जाने., रवि.
झोप नाही. इक्बालभाईंचं कालचं दुसरं बोलणं लिहायचं टाळलं होतं. लिहिते. "गिअर मधोमध झिजला, बाजूला नाही. स्टिअरिंग सैल लागलं म्हणून कोणीतरी वरचा स्क्रू पिळलाय. मग सरळ रस्त्यावर ठीक वाटतं, वळणावर आवळतं. चाक परत फिरत नाही. चालवणाऱ्याचा काय दोष?"

स्क्रूही मीच पिळला. सप्टेंबरात. बाबा सारखे सैल सैल करत होते, वैताग आला होता मला.

१३ जाने., मंगळ.
कंपनीत अख्खा लॉट रिजेक्ट केला. दोन-तीन पीस जरा मापाबाहेर होते, एवढंच. बरोबर काम करणारी शुभदा म्हणाली, "काय गं, आज कोणावर राग काढतेयस?" घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "काय निघाला गो गाडीत?" मी म्हटलं, "जुनी गाडी बाबा. झीज." त्यांनी मान हलवली. म्हणजे मी पुन्हा एकदा...

१४ जाने., बुध.
संक्रांत. गोखले तिळगूळ घेऊन आले. बाबांना म्हणाले, "काका, आता आराम करा. ह्या वयात गाडीची भानगड कशाला?" बाबा हसले. "व्हय, व्हय. आता हात आयकत नाय." मी स्वयंपाकघरात होते. बाहेर यायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम होतं. नुसती नळ सोडून उभी राहिले, भांडी धुतेय असं वाटावं म्हणून.

हल्ली दाढीलाही स्वतः वस्तरा न धरता खाली सलूनमध्ये जातात. मला वाटायचं, तेवढाच बाहेर वेळ जातो.

१७ जाने., शनि.
कुर्ल्याहून चांगला गिअर मिळाला. बेअरिंग नवं, सील नवं, आणि ऑईल. इक्बालभाईंनी एका बोटाने फिरवून दाखवलं. लोण्यासारखं. म्हणाले, "काकांना आण. कमी-जास्त त्यांनाच कळेल, आपल्याला नाही."

"त्यांना बरं नाही," म्हटलं. मग काय झालं कोण जाणे, तिथेच बोलून गेले. ग्रीस मी भरलं. स्क्रू मी. इक्बालभाईंनी हात पुसले, बराच वेळ पुसत राहिले. "मला सांगून काय उपयोग, ताई?"

१८ जाने., रवि.
सांगितलं. जेवणं झाल्यावर. सरळ, आडवळण न घेता.

बाबांनी विचारलं, "तू सोता बघलंस?" हो म्हटलं.

"म्हंजे माझे हात ग्येले नाय?"

नाही, बाबा.

मला वाटलं होतं रडतील, नाहीतर जाऊ दे म्हणतील. चिडले. इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते, आई असतानाही नाही. "तीन महिने मी चाय टेबलार ठेवन पितंय. सांडात म्हणान. तुका दिसला नाय?"

दिसलं होतं. वय झालं असं मीच ठरवून टाकलं होतं, एवढ्या सहज. माझी मलाच किळस आली. पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले.

२१ जाने., बुध.
गिऱ्हाइकाचा फोन. गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. बाबांना न विचारताच. हेही मीच ठरवलं परत. सवय जात नाही. नंतर सांगितलं तर "हां" एवढंच. रविवारपासून एवढंच बोलतात.

सो.ला पत्र लिहायला बसले. पहिल्यात 'तांत्रिक बिघाडामुळे'. फाडलं. दुसऱ्यात 'देखभालीत राहिलेल्या त्रुटीमुळे'. तेही फाडलं. बाबांच्या वेळी शब्द कसे भराभर सुचले होते. तिसऱ्यात 'मी' घातला. चार ओळीच झाल्या.

२४ जाने., शनि.
गाडी आली. पार्किंगमध्ये उभी. किल्ली बाबांसमोर टेबलावर ठेवली. पेपर वाचत होते, पान उलटलं. रात्री बघितलं तर किल्ली तिथेच.

२६ जाने., सोम.
सकाळी झेंडावंदन. सगळी बिल्डिंग खाली. राष्ट्रगीत झाल्यावर गोखल्यांना म्हटलं, दोन मिनिटं. पत्र बोर्डावर लावून पळ काढणं सोपं होतं, म्हणून वाचून दाखवलं. खाली बघूनच संपवलं. कोणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे काकांना उगाचच आपण..." गोखले घसा खाकरून म्हणाले, "बरं, चहा घ्या सगळ्यांनी." यादव पुढे आला. "मैं तो बच गया, मॅडम. बाबूजी का सोचो."

वळून बघितलं तर बाबा गर्दीत नव्हते. गाडीत बसले होते, ड्रायव्हरच्या सीटवर. दोन्ही हात स्टिअरिंगवर, गाडी बंद. मी काचेशी गेले. "बाबा, मी बसू बाजूला?"

"नको. माका एकट्याक बसांदे."

वर आले. आता साडेअकरा. खिडकीतून दिसतात. यादवने गेट उघडून ठेवलं आहे. गाडी अजून सुरू केलेली नाही.